कृपा, सत्कर्म आणि शेजारी

महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांना ख्रिस्ती धर्माची ओळख त्याच्या सिद्धांतांपेक्षा त्याच्या कामांवरून झालेली आहे. मिशनच्या शाळा, मिरजेसारख्या ठिकाणची रुग्णालये, कुष्ठरोग्यांच्या वसाहती आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत उघडलेली अनाथगृहे यांमुळे ख्रिस्ती माणूस म्हटला की सेवा आठवावी, असे समीकरण लोकमनात रुजले. आणि ही सेवा एक तर देवाघरी पुण्य साठवण्यासाठी किंवा माणसे आपल्या धर्मात ओढण्यासाठी केली जात असावी, हा समजही तिला ओघानेच चिकटला. प्रत्यक्षात या धर्माची मध्यवर्ती शिकवण अशी आहे की, तारण, म्हणजे पाप आणि मृत्यू यांच्या सत्तेतून माणसाची होणारी सुटका व देवाशी होणारा त्याचा समेट, कितीही सत्कर्मे केली तरी कमावता येत नाही. ते देवाच्या कृपेने, म्हणजे माणसाची लायकी न पाहता देवाने आपणहून केलेल्या प्रेमामुळे, येशू ख्रिस्तावरील विश्वासाच्या द्वारे मिळते. सत्कर्माने तारण मिळत नसेल तर ख्रिस्ती माणसाने सत्कर्म करावेच का, हा प्रश्न त्यामुळे या धर्माच्या पहिल्या पिढीपासून विचारला जात आहे. त्याची उत्तरे अनेक झाली. परंतु त्यांतील सर्वांत खोल उत्तर असे की, तारण कमावता येत नाही म्हणूनच शेजाऱ्याचे भले त्याच्या स्वतःसाठी करता येते, कारण तो आता करणाऱ्याच्या मोक्षाची पायरी उरत नाही.

या प्रश्नावर बायबलच्या नव्या करारातील दोन लेखक परस्परांविरुद्ध उभे आहेत, असे नेहमी सांगितले जाते. पौल रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत आग्रहाने मांडतो की, माणूस नियमशास्त्रातील कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरत नाही, तर विश्वासाने ठरतो. उलट याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय बजावतो की, ज्या विश्वासाला कर्मांची जोड नाही तो मेलेला आहे. दोघेही दाखला देतात तो यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचाच, आणि दोघे त्यातून वरवर पाहता उलट निष्कर्ष काढतात. मात्र दोघांच्या म्हणण्याचा उगम कोणत्या प्रसंगात आहे ते पाहिले की हा विरोध बराच निराळा दिसू लागतो. पौलाचा सिद्धांत गलतीकरांस पत्रात अवतरतो तो जेवणाच्या तंट्यातून. सिरियातील अंत्युखिया नगरात यहुदी आणि यहुदी नसलेले ख्रिस्ती एकत्र जेवत असत. यरुशलेमहून काही माणसे आल्यावर येशूचा शिष्य पेत्र त्यांच्या भयाने त्या पंगतीतून मागे सरला, आणि पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला. सुंता झालेला आणि न झालेला असा पंक्तिभेद देवाच्या घरात चालणार नाही, कारण तेथे प्रवेश कोणालाच स्वतःच्या आचारशुद्धीमुळे मिळालेला नाही, हा त्याचा युक्तिवाद होता. याकोबाच्या पत्रातील तो प्रसिद्ध उतारा ज्या अध्यायात आहे, त्याची सुरुवातही बसण्याच्या जागेवरूनच होते: सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत सभेत आला की त्याला मानाची जागा मिळते, आणि मळकट वस्त्रांतल्या दरिद्र्याला उभे राहण्यास किंवा पायांपाशी बसण्यास सांगितले जाते. याकोब विचारतो, हा कोणता विश्वास?

म्हणजे एकाने आचारशुद्धीच्या अभिमानाने उभी केलेली भिंत पाडली आणि दुसऱ्याने संपत्तीच्या प्रतिष्ठेने उभी केलेली. पौलाला अमान्य असलेली ‘कर्मे’ ही मुख्यतः माणसांना माणसांपासून वेगळे काढणारी धर्मकृत्ये आहेत, आणि याकोबाला हवी असलेली ‘कर्मे’ म्हणजे उघड्याला वस्त्र आणि भुकेल्याला अन्न. स्वतः पौलही गलतीकरांना पुढे सांगतो की मोल आहे ते प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाला. सोळाव्या शतकात याकोबाच्या पत्राला नव्या करारातील मुख्य ग्रंथांच्या तुलनेत हलके ठरवणाऱ्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने हे साम्य पुरेसे ध्यानात घेतले नाही, असे म्हणणे भाग आहे. आणि पुढच्या शतकांत विश्वास व कर्म यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालून जो वाद रंगला, त्यात जेवणाची पंगत आणि सभेतली बैठक ही दोन्ही मूळ स्थळे विसरली गेली.

तरी त्या वादातील काही टप्पे ओळखून घेणे आवश्यक आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस या ब्रिटनहून रोमला आलेल्या तपस्व्याने असे शिकवले की, देवाने आज्ञा दिल्या त्याअर्थी त्या पाळण्याचे सामर्थ्यही माणसाला दिलेले असलेच पाहिजे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याला उत्तर दिले की, माणसाची इच्छाशक्तीच पापाने वाकलेली असल्यामुळे चांगले करावेसे वाटणे हेही कृपेचेच दान आहे. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसची मते नाकारली. पेलागियसचा हेतू वाईट नव्हता, नैतिक ढिलाईचा त्याला तिटकारा होता. पण त्याच्या मार्गाने गेलेल्या सज्जनाला आपल्या सज्जनपणाचा हिशेब ठेवावाच लागतो, आणि हिशेब ठेवणाऱ्याची नजर समोरच्या माणसावर फार काळ टिकत नाही.

मध्ययुगाच्या अखेरीस हा हिशेब शब्दशः पैशांत होऊ लागला होता. पापाची क्षमा झाल्यावरही भोगावयाची राहणारी शिक्षा माफ करणारी दंडमाफीपत्रे जर्मनीत विकली जात असताना, ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आपले पंच्याण्णव सिद्धांत पुढे आणले. त्यांपैकी एकात त्याने ख्रिस्ती लोकांना शिकवावे असे म्हटले की, दंडमाफी विकत घेणाऱ्यापेक्षा गरिबाला देणारा किंवा गरजूला उसने देणारा अधिक चांगले करतो. सत्कर्म नाकारणारा म्हणून ज्याची ख्याती झाली त्याचा पहिला आक्षेप असा होता की स्वतःच्या तारणावर खर्च केलेला पैसा गरिबाच्या तोंडचा आहे. १५२० मध्ये लिहिलेल्या ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्याविषयीच्या पुस्तिकेत त्याने याची तात्त्विक बाजू मांडली: विश्वासणाऱ्याला देवाकडून जे हवे ते सर्व आधीच मिळालेले असते, त्यामुळे त्याला आपल्या कामातून स्वतःसाठी काही मिळवायचे उरत नाही, आणि म्हणून तो आपले सारे काम शेजाऱ्याच्या गरजेसाठी मोकळे ठेवू शकतो. चांगले झाड चांगले फळ देते, फळे लागली म्हणून झाड चांगले होत नाही, ही शुभवर्तमानातील उपमा त्याने येथे वापरली.

कॅथलिक पक्षाने ट्रेंट येथील धर्मपरिषदेत, १३ जानेवारी १५४७ च्या निर्णयपत्रात, निराळी मांडणी केली. तिच्यानुसार नीतिमान ठरण्याचा आरंभ कृपेनेच होतो, पण कृपेने नवा झालेला माणूस त्या कृपेशी सहकार्य करतो आणि त्याच्या सत्कर्मांना खरे मोल असते. या दोन मांडण्यांनी यूरोप विभागला गेला. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांताविषयी संयुक्त निवेदनावर सह्या करून मान्य केले की, देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, त्याच्या कोणत्याही गुणामुळे नाही, आणि ही कृपा त्याला सत्कर्मासाठी समर्थ करते व बोलावते. उरलेले मतभेद आता चर्च फोडण्याइतके मोठे नाहीत, असे दोघांनी म्हटले. पुढे मेथडिस्ट व रिफॉर्म्ड पंथांनीही या निवेदनाला संमती दिली.

मराठी वाचकाला येथे निष्काम कर्मयोग आठवणे स्वाभाविक आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी, कर्म करीत राहावे असा सिद्धांत मांडला, आणि फळाची आसक्ती सोडून केलेले कर्म हे दोन्ही परंपरांतील साम्य खरोखर मोठे आहे. भेद आहे तो फळ कोठे आहे यात. निष्काम कर्मयोगी फळाची आशा सोडण्याची साधना करतो. ख्रिस्ती विचारात सर्वांत मोठे फळ कर्माच्या आधीच हाती ठेवलेले असते, आणि कर्म ही त्याबद्दलची कृतज्ञता असते. पहिल्या मार्गात करणाऱ्याच्या मनाची शिस्त महत्त्वाची ठरते, दुसऱ्यात मिळालेल्या देणगीची आठवण. ही आठवण बुजली की ख्रिस्ती सेवकाचा अहंकार इतर कोणाच्याही अहंकारासारखाच वाढतो, हे इतिहासाने वारंवार दाखवले आहे.

शेजारी हे साधन होऊ नये, हा विचार सर्वांत तीव्रपणे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आला आहे. अंतिम न्यायाच्या त्या चित्रात राजा उजवीकडील लोकांना सांगतो की, आपण भुकेले, तान्हेले, परके, उघडे, आजारी आणि बंदिवान असताना त्यांनी आपली सेवा केली. या सहा कृत्यांना मृतांना मूठमाती देण्याचे सातवे जोडून मध्ययुगीन चर्चने ‘दयेची सात शारीरिक कृत्ये’ अशी यादी केली आणि ती चित्रांतून घरोघर पोहोचवली. यादीने शिकवणे सोपे झाले, पण कथेतील सर्वांत आश्चर्याची गोष्ट तिच्यात मावत नाही. उजवीकडील लोक चकित होतात. आपण राजाची सेवा केली हे त्यांना ठाऊकच नसते. डावीकडील लोकही चकित होतात, आणि त्यांच्या प्रश्नातून सूचित होते की समोर राजा आहे हे कळले असते तर त्यांनी धावपळ केली असती. दोघांत फरक पडतो तो येथे: डावीकडचे लोक राजासाठी सर्व काही करायला तयार होते, भुकेल्यासाठी नव्हते. गरिबात ख्रिस्त पाहावा, हा भक्तिपर उपदेश पुष्कळदा याच कथेच्या आधारे केला जातो आणि त्याने असंख्यांना सेवेची प्रेरणा दिली आहे, हे निर्विवाद. तरी कथेतील नीतिमानांनी गरिबात ख्रिस्त पाहिला नव्हता. त्यांनी भुकेल्यात भुकेलाच पाहिला, आणि ख्रिस्ताने ती सेवा आपली म्हणून स्वीकारली. गरिबाच्या चेहऱ्यातून आरपार देवाकडे पाहणाऱ्या भक्ताला त्या गरिबाचे नाव आणि त्याचे म्हणणे ऐकू न येण्याचा धोका असतो.

लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोन्याची कथा याच विचाराला दुसरे वळण देते. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? म्हणजे माझ्या कर्तव्याची हद्द कोठपर्यंत? येशू त्याला यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या एका वाटसरूची गोष्ट सांगतो. त्याच्या बाजूने याजक आणि मंदिराचा सेवक लेवी निघून जातात, आणि यहुदी लोक ज्यांना भ्रष्ट मानून संबंध टाळत, त्या शोमरोन्यांपैकी एक जण त्याची जखम बांधतो. गोष्टीच्या शेवटी येशू प्रश्न उलटा करून विचारतो की पडलेल्याचा शेजारी कोण झाला. शास्त्र्याला आपली दया कोणाला द्यावी हे विचारायचे होते. त्याला स्वतःला वाटेवर पडलेल्याच्या जागी ठेवून तुच्छ मानलेल्या हातांकडून दया घ्यायला शिकवले गेले. ख्रिस्ती सत्कर्माच्या चर्चेत देण्याविषयी जेवढे लिहिले गेले, तेवढे घेण्याविषयी लिहिले गेले नाही, ही या चर्चेतील मोठी उणीव आहे.

आरंभीच्या चर्चमध्ये सत्कर्माचा अर्थ भिक्षा देण्यापुरता मर्यादित नव्हता. कप्पदुकियातील कैसरियाचा बेसिल याने इ. स. ३६९ च्या सुमाराच्या दुष्काळात धान्य दडवून ठेवणाऱ्यांविरुद्ध प्रवचने केली, आणि त्यांत मांडले की गरजेपेक्षा जास्त असलेले अन्न व वस्त्र हे मुळात गरजवंताचेच आहे. म्हणजे देणारा उदार होत नाही, तो परत करतो. त्याने नगराबाहेर रुग्ण, कुष्ठरोगी आणि वाटसरू यांच्यासाठी उभारलेल्या आश्रयस्थानांचा समूह पुढे रुग्णालयांच्या इतिहासात आद्य मानला गेला. त्याच्या थोडेच आधी, ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या सम्राट यूलियनने (राज्यकाल ३६१–३६३) आपल्या एका प्रमुख पुजाऱ्याला लिहिले होते की, हे गालिली लोक, म्हणजे ख्रिस्ती, आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, ही आपल्याला लाज आहे. विरोधकाने दिलेली ही साक्ष महत्त्वाची आहे, कारण तिच्यावरून कळते की त्या काळी मदत करताना घेणाऱ्याचा धर्म विचारला जात नसे.

हे सर्व सिद्धांत एका आयुष्यात कसे उतरतात हे पाहायचे तर पंडिता रमाबाईंइतके (१८५८–१९२२) बोलके उदाहरण मराठी भूमीत दुसरे नाही. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर तेथील धर्मभगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील आश्रयगृहे दाखवली, जेथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना प्रेमाने पुन्हा उभे केले जात होते. अशा स्त्रियांविषयी ही आस्था येते कोठून, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि विहिरीवरील शोमरोनी स्त्री यांची योहानाच्या शुभवर्तमानातील भेट वाचून दाखवण्यात आली. सिद्धांत मागाहून आला, आधी दिसले ते काम. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी आपल्या इंग्रज मार्गदर्शिकांपुढे त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही आणि चर्चचा प्रत्येक सिद्धांत निमूटपणे मान्यही केला नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. अमेरिकेतील देणगीदारांशी झालेल्या ठरावाप्रमाणे तेथे धर्मशिक्षण द्यायचे नव्हते. मात्र रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेला येऊन बसण्यास मुलींना मज्जाव नव्हता, आणि त्यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही, आणि ज्या समाजाने त्या मुलींना केशवपनापलीकडे काही दिले नव्हते त्याने रागावण्याचा अधिकार कितपत राखला होता, हा प्रश्नही रास्त आहे. तरीसुद्धा टीकाकारांच्या आक्षेपात एक गोष्ट खरी होती: ज्या मुलीचे अन्न, निवारा आणि शिक्षण एकाच व्यक्तीच्या हाती आहे, तिने त्या व्यक्तीचा धर्म स्वीकारला तर त्यात स्वेच्छा किती आणि आश्रितपण किती, हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि कदाचित तिलाही आतून ओळखता येत नाही.

याच वर्षांत रमाबाईंच्या अंतरंगात काय घडत होते, ते त्यांनी १९०७ मधील आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना असे जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. म्हणजे आचार, मते आणि सेवाकार्य सर्व असूनही कृपेचा अनुभव नव्हता. तो त्यांना १८९१ च्या सुमारास आला. कृपेवर विसंबणारा माणूस आळशी होतो, असा पेलागियसपासूनचा आक्षेप आहे. रमाबाईंच्या बाबतीत उलट घडले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी केडगावला आणल्या. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती सदनात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना ही कामे स्त्रियाच शिकल्या व चालवू लागल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. आणि ज्या ‘पतित’ स्त्रियांमुळे रमाबाई फुलहॅमला थबकल्या होत्या, तशा स्त्रियांसाठी उभ्या राहिलेल्या स्वतंत्र घराला ‘कृपा सदन’ हे नाव मिळाले. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते, आणि पुण्याच्या वादानंतर हा उघडपणा अधिक प्रामाणिक होता, असे म्हणता येईल. पण दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरीच्या स्वेच्छेचा प्रश्न त्याने सुटत नाही, उलट अधिक कठीण होतो.

या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती सिद्धांताच्या आतच आहे, बाहेरच्या टीकाकाराकडून उसने घेण्याची गरज नाही. कृपा विकता येत नाही, हे दंडमाफीपत्रांच्या वादात ल्यूथरने सांगितले. मग भाकरीच्या बदल्यात श्रद्धा मागणे हा त्याच व्यापाराचा दुसरा प्रकार ठरतो, कारण तेथेही देवाच्या देणगीला किंमत लावली जाते. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरे करतो आणि आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशू विचारतो, पण त्यांचा रोग त्यांना परत देत नाही. ज्यांनी ख्रिस्ताकडे वळूनही पाहिले नाही ते नऊ जण बरेच राहिले, आणि ख्रिस्ती सत्कर्माचे परिमाण हेच असायला हवे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी डिसेंबर २००५ मध्ये प्रीतीविषयी लिहिलेल्या परिपत्रकात हे तत्त्व स्पष्ट केले आहे: प्रेमाचे कार्य धर्मांतराचे साधन होता कामा नये, प्रेम विनामूल्य असते, आणि देवाविषयी केव्हा बोलावे व केव्हा गप्प राहावे हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे. याचा अर्थ ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास लपवावा असा नाही; रमाबाईंनी फुलहॅमला विचारला तसा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देणे हा प्रामाणिकपणाच आहे. उत्तर देणे आणि उत्तर ऐकण्याची अट घालणे यांत मात्र फार अंतर आहे.

दुसऱ्या बाजूचा धोकाही नजरेआड करता येत नाही. विनामूल्य मिळते म्हणून कृपा निष्फळही ठेवता येते. ल्यूथरच्याच परंपरेतील डीट्रिश बोनहॉफर याने १९३७ मध्ये, हिटलरच्या जर्मनीतील चर्च मुकाट बसलेले पाहून, अनुयायित्वावाचूनच्या क्षमेला ‘स्वस्त कृपा’ म्हटले. पुढे तो हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे फाशी गेला. त्याच्या दृष्टीने सत्कर्म म्हणजे जखमीला मलमपट्टी करण्यापुरते नव्हते. माणसे चिरडणारे चाक थांबवणे हाही शेजारधर्मच होता.

भारतीय चर्चपुढे असे चाक आहे ते जातीचे. अंत्युखियाच्या पंगतीवरून पौलाने पेत्राला जाब विचारला, तरी भारतात अनेक ठिकाणी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बैठकी, विवाह आणि दफनभूमी जातीप्रमाणे वेगळ्या राहिल्या, आणि शाळा-दवाखाने चालवणाऱ्या संस्थांना यात विसंगती वाटली नाही. १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरविज्ञान मांडले, म्हणजे देवाविषयीचा ख्रिस्ती विचार दलितांच्या स्वतःच्या अनुभवातून आणि त्यांच्याच तोंडून व्हावा असा आग्रह धरला. मिशनच्या काळात ज्यांना सेवेचे विषय मानले गेले, तेच येथे शिकवणारे झाले. या विचाराकडे भारतीय चर्चने सेमिनरीतला एक अभ्यासविषय म्हणून पाहिले, तेवढे आपल्या कारभाराचा निकष म्हणून पाहिले नाही. शोमरोन्याच्या हातून जखम बांधून घेण्याचा जो धडा त्या शास्त्र्याला दिला गेला, तो देणाऱ्यांच्या भूमिकेची सवय झालेल्या संस्थांना, मंडळ्यांना आणि त्यांच्या पुढाऱ्यांना अद्याप गिरवायचा आहे.